कूनेओ प्रांतातली 247 गावं आणि इटलीचं ‘कोमूने’

इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, फ्रान्सच्या सीमेला लागून, पिएमोन्ते राज्यात कूनेओ हा प्रांत आहे. क्षेत्रफळ सुमारे 6,900 चौरस किलोमीटर, म्हणजे रायगड जिल्ह्याहून जरासंच कमी. लोकसंख्या सहा लाखांच्याही आत. आणि एवढ्या लोकांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्था आहेत 247. इटलीत याहून जास्त संस्था फक्त शेजारच्या तोरिनो महानगर क्षेत्रात आहेत, तिथे 312.

या संस्थेला तिथे ‘कोमूने’ म्हणतात. महाराष्ट्रात गावाला ग्रामपंचायत, गाव वाढलं की नगरपंचायत, मग नगरपरिषद आणि शेवटी महानगरपालिका अशी चढती पायरी असते आणि प्रत्येक पायरीचे अधिकार वेगळे असतात. इटलीत ही पायरीच नाही. प्रांताचं मुख्य शहर कूनेओ, तिथे पंचावन्न हजारांवर माणसं राहतात. ते एक कोमूने. डोंगरात अगदी दक्षिणेला ब्रिगा आल्ता आहे, तिथे जेमतेम चाळीस माणसं. तेही एक कोमूने. दोघांचा कायदा एकच (2000 सालचा 267 क्रमांकाचा), दोघांनाही निवडून आलेला प्रमुख आहे, सभागृह आहे, जन्म-मृत्यूची नोंदवही आहे आणि स्वतःचा कर ठरवायचा अधिकार आहे. काही गावं नावाआधी ‘चित्ता’, म्हणजे शहर, असं लावतात. तो राष्ट्रपतींच्या आदेशाने मिळणारा मान आहे. त्याने अधिकार वाढत नाहीत.

इटलीतल्या कुठल्याही जागेचा पत्ता, कर, दाखला किंवा दारूच्या बाटलीवरचं नाव समजून घ्यायचं असेल तर सुरुवात एकाच प्रश्नाने करावी: ही जागा कुठल्या कोमूनेच्या हद्दीत येते?

नकाशावर दिसतं ते गाव कोमूने असेलच असं नाही

एका कोमूनेच्या पोटात अनेक वस्त्या असतात. मोठ्या वस्तीला ‘फ्रात्सिओने’ म्हणतात, आपल्याकडे वाडी म्हणतात तसं. डोंगरातल्या चार-दहा घरांच्या पुंजक्याला ‘बोर्गाता’. या वस्त्यांना स्वतःचं सभागृह नसतं. घोटाळा होतो तो इथे, कारण कधीकधी वाडीचं नाव कोमूनेपेक्षा जास्त गाजलेलं असतं.

प्रातो नेवोझो हे बर्फावरच्या खेळांचं प्रसिद्ध ठिकाण. पण कोमूनेच्या यादीत ते सापडणार नाही. ते फ्राबोझा सोत्ताना या कोमूनेची वाडी आहे. वाराइता खोऱ्यातलं क्यानाले हे दगडी घरांचं देखणं गाव इटलीतल्या सर्वात सुंदर गावांच्या यादीत आहे, पण त्याचा कारभार पोन्तेक्यानाले या कोमूनेतून चालतो. पोलेंत्सोला 2004 सालापासून खाद्यविज्ञानाचं विद्यापीठ आहे. तिथे शिकायला जाणारा विद्यार्थी ‘पोलेंत्सोची नगरपालिका’ शोधत बसला तर दिवस फुकट जाईल, कारण त्याचं सगळं काम ब्रा या कोमूनेत होतं.

उलटाही प्रकार आहे. काही कोमूनेंच्या नावाचं गावच अस्तित्वात नसतं. ब्रिगा आल्ता नावाची एकही वस्ती नाही. पियाज्जा, उपेगा आणि कार्नीनो या तीन वाड्या मिळून ते कोमूने होतं आणि कार्यालय पियाज्जाला आहे. आणि आर्जेन्तेरा नावाचं कोमूने स्तूरा खोऱ्याच्या टोकाला असलं, तरी आर्जेन्तेरा नावाचं 3,297 मीटर उंचीचं शिखर तिथे नाही. ते वाल्दिएरी आणि एन्त्राक्वे यांच्या बाजूला आहे. गिर्यारोहणाचा बेत आखताना हा फरक महागात पडू शकतो.

सारख्या नावांचीही काळजी घ्यावी लागते. एकट्या कूनेओ प्रांतात कास्तिल्योने फाल्लेत्तो आणि कास्तिल्योने तिनेल्ला आहेत, विल्लानोवा मोंदोवी आणि विल्लानोवा सोलारो आहेत, साले देल्ले लांगे आणि साले सान जोव्हान्नी आहेत. नावाचा दुसरा शब्द शोभेचा नसतो, तो गाळायचा नाही.

सात मोठी, बाकी लहान

247 पैकी 15,000 लोकसंख्या ओलांडणारी कोमूने सातच आहेत: कूनेओ, आल्बा, ब्रा, फोस्सानो, मोंदोवी, साविल्यानो आणि सालुत्सो. तिथले लोक यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. 15,000 या आकड्याला कायद्यातही अर्थ आहे, त्याकडे पुढे येऊ. बहुतेक कोमूने 5,000 च्या खाली आहेत आणि डोंगरातली कित्येक शंभर-दोनशेच्या घरात.

सात बहिणींमध्ये एकच थोरली, असं कधी झालं नाही. 1859 च्या कायद्याने प्रांत आखले तेव्हा कूनेओ प्रांताचे चार उपविभाग केले होते: कूनेओ, आल्बा, मोंदोवी आणि सालुत्सो. उपविभाग पुढे रद्द झाले, पण माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटा त्याच राहिल्या. बारोलोचा माणूस बाजाराला आल्बाला जातो, कूनेओला नाही. आरोग्यसेवेची विभागणीही तशीच आहे. आल्बा आणि ब्रा भागासाठी एक सरकारी आरोग्य कंपनी (सीएन 2), बाकी प्रांतासाठी दुसरी (सीएन 1). तेव्हा दवाखान्याचं कार्ड काढायला प्रांताच्या मुख्य शहरी जायचं असं गृहीत धरू नये.

हद्दीने काय काय ठरतं

सर्वात बोलकं उदाहरण बारोलो वाईनचं. बारोलो हे सातेकशे वस्तीचं कोमूने, पण त्या नावाची वाईन 11 कोमूनेंच्या जमिनीतून येते. बारोलो, कास्तिल्योने फाल्लेत्तो आणि सेर्रालुंगा द’आल्बा ही पूर्ण. ला मोर्रा, मोन्फोर्ते द’आल्बा, नोव्हेल्लो, वेर्दूनो, ग्रिन्त्झाने कावूर, दियानो द’आल्बा, केरास्को आणि रोद्दी यांचा काही भाग. द्राक्ष फक्त नेब्बिओलो, हेक्टरी उत्पादन कमाल 8 टन, आणि बाजारात यायच्या आधी किमान 38 महिने मुरवणं, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात. रिझेर्वा लिहायचं तर 62 महिने. या सगळ्या अटी पाळल्या आणि मळा आखलेल्या हद्दीच्या बाहेर पडला, तर ‘बारोलो’ हा शब्द बाटलीवर लिहिता येत नाही. ज्या शहराच्या नावाने हा सगळा पट्टा ओळखला जातो, ते आल्बा स्वतः बारोलोच्या हद्दीत नाही. तिथला एक तुकडा शेजारच्या बार्बारेस्को वाईनच्या हद्दीत येतो.

बाटलीवर त्याहून बारीक तपशीलही असतो. 2010 पासून मळ्यांची नावं अधिकृत यादीत आहेत: एकूण 181 नावं, त्यातली 11 म्हणजे कोमूनेंची नावं आणि 170 म्हणजे टेकड्यांवरचे ठरावीक तुकडे. ‘बुस्सिया’ दिसलं की तो मळा मुख्यतः मोन्फोर्ते कोमूनेतला. ‘ब्रुनाते’ मात्र ला मोर्रा आणि बारोलो अशा दोन कोमूनेंत विभागलेला आहे. लेबल वाचताना हे ठाऊक असलं की विक्रेत्याच्या गोष्टींवर विसंबायची गरज राहत नाही.

दुसरं उदाहरण घरातल्या हीटरचं. इटलीत 1993 च्या नियमानुसार प्रत्येक कोमूनेला थंडीच्या हिशेबाने ए ते एफ यातलं एक अक्षर दिलेलं आहे. आल्बा ‘ई’ गटात आहे: तिथे नेहमीच्या वर्षी हीटर 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल, दिवसाला कमाल 14 तास. कूनेओ शहर ‘एफ’ गटात आहे आणि तिथे ना तारखेचं बंधन, ना तासांचं. अक्षर ठरतं ते वर्षभरातल्या थंडीच्या बेरजेवर (तापमान रोज 20 अंशांहून जितके अंश खाली, त्यांची बेरीज), तिची सीमारेषा 3,000, आणि कूनेओची बेरीज ती थोडीशीच ओलांडते. बेरीज मोजतात ती कोमूनेच्या कार्यालयाच्या उंचीवर. त्यामुळे कार्यालय खोऱ्यात आणि वाडी चारशे मीटर वर असेल तर वाडीवर अन्याय होतो. अशा उंच वाड्यांना दुसऱ्या गटात टाकायचा अधिकार कोमूनेच्या प्रमुखाला आहे. तेव्हा भाड्याचं घर घेताना सामायिक हीटर कुठल्या गटाच्या वेळेवर चालतो, हे आधीच विचारून घ्यावं.

करांचंही तसंच. प्राप्तिकरावर कोमूने स्वतःचा अधिभार लावू शकतं, साधारणपणे 0.8 टक्क्यांपर्यंत. 1 जानेवारीला तुमचा करपत्ता ज्या कोमूनेत असेल, त्या वर्षाचा अधिभार त्यालाच जातो, भले तुम्ही फेब्रुवारीत दुसरीकडे राहायला गेलात. मालमत्ता कर आणि कचऱ्याचा कर यांचे दरही दर कोमूनेला वेगळे. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन कोमूने असतील तर समोरासमोरच्या घरांचं बिल वेगळं येतं.

कारभार कोण चालवतं

कोमूनेच्या प्रमुखाला ‘सिंदाको’ म्हणतात. पाच वर्षांसाठी थेट मतदानाने निवडतात. 15,000 पर्यंत लोकसंख्या असेल तर मतदान एकाच फेरीत: ज्याला जास्त मतं तो सिंदाको, आणि त्याच्या उमेदवारांच्या यादीला सभागृहातल्या दोन तृतीयांश जागा. 15,000 च्या वर, म्हणजे इथे सात बहिणींमध्ये, कुणालाच निम्म्याहून अधिक मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. 2024 पासून 5,000 पर्यंतच्या कोमूनेत सिंदाको कितीही वेळा निवडून येऊ शकतो, 15,000 पर्यंत सलग तीनदा, त्यावर दोनदा.

3,000 पर्यंतच्या कोमूनेत 10 सदस्य असतात. ब्रिगा आल्तात माणसं चाळीसच्या आसपास, म्हणजे दर चार माणसांमागे एक सदस्य. इतके उमेदवार आणायचे कुठून? कायद्याने वाट ठेवलीय: सदस्य किंवा सिंदाको व्हायला त्याच गावात राहायची अट नाही, इटलीतल्या कुठल्याही कोमूनेचा मतदार उभा राहू शकतो. त्यामुळे डोंगरातल्या गावांत कामधंद्यासाठी खाली शहरात गेलेली माणसं कारभार सांभाळताना दिसतात.

अडचण येते ती एकच यादी उभी राहिली की. छोट्या कोमूनेत तशा वेळी मतदारांपैकी ठरावीक टक्क्यांनी (अलीकडच्या निवडणुकांत किमान 40) मतदान केलं पाहिजे आणि झालेल्या मतांपैकी निम्मी वैध मतं त्या यादीला पडली पाहिजेत. परदेशी राहणारे जे मतदार मतदानाला येत नाहीत, ते या हिशेबात धरत नाहीत. ही सवलत नसती तर अर्धं गाव अर्जेंटिना-फ्रान्सला गेलेल्या खोऱ्यांत निवडणूकच झाली नसती. अट पुरी झाली नाही तर सरकार प्रशासक नेमतं.

प्रांत ही वरची पातळी, पण 2014 च्या सुधारणेनंतर तिची थेट निवडणूक होत नाही. प्रांताचा अध्यक्ष आणि मंडळ यांना कोमूनेंचे सिंदाको आणि सदस्यच निवडतात, आणि मताचं वजन लोकसंख्येच्या गटानुसार ठरतं: कूनेओच्या सदस्याचं मत जड, ब्रिगा आल्ताच्या सदस्याचं हलकं. प्रांताकडे उरलेली मुख्य कामं म्हणजे प्रांतीय रस्ते आणि वरच्या माध्यमिक शाळांच्या इमारती. बालवाडीपासून आठवीपर्यंतच्या शाळांच्या इमारती कोमूनेकडे, दवाखाने राज्याकडे. रस्त्यावर बर्फ साचलं, खड्डा पडला तर आधी मैलाच्या दगडावर ‘एसपी’ अक्षरं आहेत का ते बघायचं. असतील तर रस्ता प्रांताचा, आणि सिंदाकोच्या दारात तक्रार करून उपयोग नाही.

दीडशे माणसांच्या कोमूनेला पूर्णवेळ सचिव, अभियंता, पोलीस परवडत नाही. म्हणून खोऱ्यातली कोमूने एकत्र येऊन ‘उनिओने मोन्ताना’ बनवतात आणि माणसं, यंत्रं वाटून घेतात. एकच सचिव आठवड्यात चार गावं फिरतो. त्यामुळे लहान गावातलं कार्यालय रोज उघडं असेल या भरवशावर जाऊ नये. दारावर लावलेले वार आणि तास आधी बघून जावं.

मोठी माणसंही या लहान खुर्च्यांवर बसून गेलीत. इटलीच्या एकीकरणाचा शिल्पकार कामिल्लो कावूर 1832 ते 1849 अशी सतरा वर्षं ग्रिन्त्झाने या गावचा सिंदाको होता. गावाने पुढे त्याचं नाव आपल्या नावाला जोडलं.

हद्दी बदलतात

काही वर्षांपूर्वीपर्यंत हा आकडा 250 होता. 1 जानेवारी 2019 ला तीन विलीनीकरणं झाली: कास्तेल्लार सालुत्सोत, वाल्माला बुस्कात आणि कामो सान्तो स्तेफानो बेल्बोत. विलीनीकरणासाठी रहिवाशांचा कौल घ्यावा लागतो आणि राज्याचा कायदा करावा लागतो. विलीन झालेल्यांना सरकार काही वर्षं जादा अनुदान देतं. तरी गावं राजी होत नाहीत, कारण गेलेली नोंदवही आणि सिंदाको परत येत नाही असं लोकांना वाटतं. मागचा अनुभव कडू आहे. फॅसिस्ट राजवटीत लहान कोमूने जबरदस्तीने एकत्र केली होती आणि युद्धानंतर त्यातली कित्येक भांडून पुन्हा वेगळी झाली.

व्यवहारात विलीनीकरणानंतर दोन गोष्टी अडतात. एक, दोन्ही गावांत ‘विया रोमा’ नावाचा रस्ता असतो, मग एकाचं नाव बदलावं लागतं आणि पत्रं काही काळ चुकतात. दोन, जुने दाखले. कामोत जन्मलेल्या माणसाचा जन्मदाखला आता सान्तो स्तेफानो बेल्बोत मागावा लागतो.

सर्वात मोठा बदल 1947 चा. शांतता करारानुसार तेंदा आणि ब्रिगा मारीत्तिमा फ्रान्सकडे गेले. ब्रिगाच्या काही वाड्या सीमेच्या अलीकडे इटलीतच राहिल्या आणि त्यातल्या तीन एकत्र करून एक कोमूने केलं. तेच आजचं ब्रिगा आल्ता. एवढ्या थोड्या माणसांचं कोमूने का, याचं उत्तर या सीमारेषेत आहे.

तिथे राहायला जाणाऱ्यांसाठी

नोकरी-शिक्षणासाठी या भागात जाणाऱ्या मराठी माणसाचा कोमूनेशी पहिला संबंध येतो तो ‘आनाग्राफे’ म्हणजे रहिवासी नोंदणीच्या खिडकीवर. घर बदलल्यापासून 20 दिवसांत नोंद द्यायची. कागद दिले की दोन कामाच्या दिवसांत नाव चढतं, आणि पुढच्या 45 दिवसांत स्थानिक पोलीस घरी येऊन खरंच राहता का ते पाहतो. तो न कळवता येतो. घंटीवर आणि टपालपेटीवर तुमचं नाव नसेल तर तो निघून जातो आणि नोंद रद्द व्हायची वेळ येते. म्हणून नावाची चिठ्ठी पहिल्याच दिवशी चिकटवावी. घरमालकाशी झालेल्या कराराचा नोंदणी क्रमांकही लागतो. नुसत्या तोंडी भाड्यावर नोंद होत नाही.

पत्त्यात कोमूनेचं नाव लिहावं, वाडीचं नाव त्याआधी. पिनकोडवरून कोमूने ओळखता येत नाही: 12060 हा एकच क्रमांक बारोलो, नोव्हेल्लो, वेर्दूनो, रोद्दी अशा अनेकांचा आहे. शेवटी प्रांताची अक्षरं, ‘सीएन’.

राहण्याचा परवाना नूतनीकरण झाला की 60 दिवसांत आनाग्राफेत पुन्हा जाऊन ‘मी इथेच राहतो’ असं लिहून द्यावं लागतं. पुष्कळ जण हे विसरतात. परवाना संपून सहा महिने उलटले तरी हे झालं नाही, तर कोमूने नोटीस काढून नाव कमी करू शकतं. भारतीय नागरिकाला इटलीचं नागरिकत्व मागायला साधारणपणे 10 वर्षं सलग नोंदणी दाखवावी लागते. मध्ये खंड पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आता ‘कोदिचे फिस्काले’ म्हणजे करक्रमांक. हा 16 अक्षर-अंकांचा असतो: आडनावाची तीन, नावाची तीन, मग जन्मवर्ष, महिना, तारीख (बाईच्या तारखेत 40 मिळवतात), मग जन्मस्थळाची चार आणि शेवटी एक तपासणीचं अक्षर. जन्मस्थळ म्हणजे पुन्हा कोमूनेच. कूनेओत जन्मलेल्याला डी 205, आल्बात ए 124, ब्रामध्ये बी 111. भारतात कुठेही जन्मलेल्याला झेड 222. आल्बा-ब्रा भागाचं नवं रुग्णालय 2020 साली वेर्दूनोत उघडलं, त्यामुळे आता आल्बाच्या कित्येक मुलांच्या क्रमांकात जन्मभर त्या काहीशे वस्तीच्या गावाचा संकेत असतो.

मराठी माणसाची गाठ अडते ती नावाच्या तीन अक्षरांपाशी. नावात चार किंवा अधिक व्यंजनं असली तर पहिलं, तिसरं आणि चौथं घेतात. कमी असली तर स्वर भरून काढतात. पासपोर्टवर नुसतं ‘अमित’ असेल तर रोमन लिपीत व्यंजनं एम आणि टी, म्हणून अक्षरं येतात एम-टी-ए. वडिलांचं नाव धरून ‘अमित वसंत’ असेल तर व्यंजनं एम-टी-व्ही-एस-एन-टी, आणि अक्षरं होतात एम-व्ही-एस. विद्यापीठाने एक रूप भरलं, परवान्यावर दुसरं आलं, तर एकाच माणसाचे दोन क्रमांक तयार होतात आणि बँक खातं, पगार, भाडेकरार सगळं अडकतं. यावर उपाय एकच: पहिल्या अर्जापासून प्रत्येक कागदावर पासपोर्टमध्ये ‘दिलेलं नाव’ या रकान्यात जे छापलंय ते जसंच्या तसं लिहायचं, वडिलांच्या नावासकट. लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर जन्मदाखला आणि पासपोर्ट यांत मेळ राहत नाही. तेव्हा दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रमाणपत्र मिलानच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून आधीच काढून ठेवावं, कारण पिएमोन्ते त्याच दूतावासाच्या कक्षेत येतं.